श्रीधर नसलेल्या जावयास

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, व्यवसाय तान्ह्या बाळांच्या दुपट्यांवर नावे भरून देणे, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी सकाळी तपासले तेव्हा रक्तदाब जरा चढलेला निघाला, पण तो आनंदाने चढला आहे असे त्यांनीच दाखल्यात लिहून दिले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट माझेच दडपण वकीलबाईंवर आणि दोन्ही साक्षीदारांवर आहे, कारण मला घाई आहे. मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मुलीला मुलगा झाला! आज बाराच्या सुमारास ती त्याला घेऊन दवाखान्यातून घरी जाईल आणि तिची गाडी माझ्या दुकानावरून जाईल. ती थांबेल की नाही हे माझ्या हातात आहे. कसे, ते पुढे येईल.

या मजकुरात मी माणसांना माझ्या नेहमीच्या हाकेनेच संबोधले आहे. सर्वांची कागदोपत्री नावे शेवटी जोडलेल्या यादीत आहेत. ती यादी कायद्यासाठी आहे, हा मजकूर माझ्या माणसांसाठी.

कलम १. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी दुकान ‘माझे जावई श्रीधर’ यांना दिले होते. वकीलबाईंनी कागद तपासले आणि चष्मा काढून म्हणाल्या, “आजी, या नावाचा जावई तुम्हाला नाहीच. उद्या दुकान जाईल कोणाला?” त्यांचे बरोबर आहे. श्रीधर नावाचा मनुष्य माझ्या घरात कधी नव्हता. तो मी केला. ही चूक कशी झाली हे सांगायला मला आधी धंद्याची पद्धत सांगावी लागेल. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात याची गरज नाही. मी म्हणते, मेल्यावर मला परत विचारायला कोणी येणार आहे का?

कलम २. दुपटे शिवण्याआधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत आले. “हे नाव ऐकलं की कसला माणूस डोळ्यांसमोर येतो?” जे उत्तर मिळे ते चिठ्ठीवर लिहायचे, वर नाव टाकायचे आणि खणात ठेवायचे. बेचाळीस वर्षांत अकरा खण भरले. मुलींची नावे दर वर्षी नवी निघतात. मुलांची जुनी नावे मात्र आजोबांकडून नातवाकडे फिरत राहतात, त्यामुळे त्यांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे जाडजूड आहेत. सदाशिव म्हटले की लोकांना जन्मतःच पंचावन्न वर्षांचा माणूस दिसतो. यशवंत उंच असतो आणि फोटोत मधोमध उभा राहतो. मुकुंद गोरा, खोडकर, आईच्या गळ्यातला ताईत. वसंत गातो, कोणाचे मन मोडत नाही आणि म्हणून एकाच संध्याकाळी चौघांना भेटायचे कबूल करून बसतो. प्रभाकर शाळेत मास्तर होतो, शाळेत नाही जमले तर घरात होतो. अरुण पहाटे उठतो. रघुनाथ दिलेला शब्द पाळतो.

दुपट्यातले हे बाप्ये मोठे होऊन स्वतःच्या बाळाचे दुपटे न्यायला आले की मी हळूच चिठ्ठी काढून ताडून बघे. माझ्या माहितीतले तिन्ही अरुण दहाच्या आत डोळे उघडत नाहीत. रघुनाथ ‘उद्या येतो’ म्हणून दुपट्याचे माप देऊन गेला, त्याला सात वर्षे झाली. एक सदाशिव तर मोटारसायकलच्या एका चाकावर उभा राहून गल्लीत आला आणि समोरच्या औषधवाल्यांच्या फळीवर आदळला. तरी चिठ्ठ्यांवरचा माझा विश्वास उडाला नाही. खोटे कशाला बोलू, मला त्या खऱ्याच वाटत.

श्रीधरच्या सव्वीस चिठ्ठ्या आहेत आणि सव्वीस जणांनी जवळजवळ तेच सांगितले आहे. वेळेवर येतो. छत्री विसरत नाही. न सांगता नळ दुरुस्त करतो. एकदा आला की सोडून जात नाही.

कलम ३. माझा नवरा, मुलगी तीन वर्षांची असताना, “सुया संपल्यात ना, घेऊन येतो,” म्हणून गेला तो अद्याप आलेला नाही. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या सांगतात, हसरा, गोडबोल्या, दारात आला की घर भरते. सगळे तंतोतंत खरे होते. तो गेल्यावर त्या नावाचे एकही दुपटे मी भरले नाही. कोणी मागितले तर म्हणे, “त्या नावाला लागतो तो दोरा संपलाय.” लोक बिचारे दुसरे नाव शोधत घरी जात. माझा राग माणसावर होता, पण माणूस हाती लागला नाही आणि नाव लागले, तेव्हा मी त्या नावालाच बडवत राहिले. आज हे मोकळेपणी लिहिते, कारण आज मला सगळेच मोकळेपणी लिहावेसे वाटते आहे! नवऱ्याला मी सुयांची एक पुडी ठेवत आहे. तो कधी उगवलाच तर ती त्याच्या हाती द्यावी आणि सांगावे की सुया मी त्याच संध्याकाळी आणल्या होत्या.

कलम ४. मोठी लोखंडी कात्री माझ्या धाकट्या जावेला. ती तिने एकोणीस वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ नेली होती. आता कायद्याने तिचीच झाली, सुखाने झोपावे.

कलम ५. आता मूळ गोष्ट. माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची असताना एका लिफ्ट मेकॅनिकला घरी घेऊन आली. हातांना ग्रीस, शर्टाचे एक बटण तुटलेले, हसणे असे की वरच्या मजल्यावरचे लोक खाली डोकावले. ते तीन तास उशिरा आले आणि जाताना छत्री विसरून गेले. हे सगळे मी पोटात घातले असते. पण मुलीने त्यांचे नाव सांगितले आणि माझ्या हातातला कप बशीवर आदळला. तेच नाव. नवऱ्याचेच.

मी सांडलेला चहा पुसत राहिले. बोलले असते तर बरे झाले असते. लग्नासाठी मी दुलई भरायला घेतली, आणि मुलीच्या नावाशेजारी जावयाचे नाव भरायची वेळ आली तेव्हा खणातून श्रीधरच्या चिठ्ठ्या काढून पुन्हा वाचल्या. ‘एकदा आला की सोडून जात नाही.’ मी ठसठशीत निळ्या दोऱ्याने ‘श्रीधर’ भरले. डोळे उघडे ठेवून, दिवसाउजेडी, टाका न चुकवता. लग्नाच्या मंडपात सगळ्यांसमोर दुलई उलगडली आणि अख्ख्या मंडपाने ते नाव वाचले.

“आई, तू माझ्या नवऱ्याचं नाव बदललंस?” मुलगी म्हणाली.

“बदललं नाही. सुधारलं,” मी म्हणाले.

ज्यांचे नाव मी सुधारले ते मात्र हसले. “असू दे गं. श्रीधर तर श्रीधर. निळा रंग काय झकास आलाय बघ!” तेव्हापासून अकरा वर्षे मी त्यांना श्रीधरराव म्हणते आणि ते ओ देतात. माझे मशीन अडले की येतात, कधी वेळेवर येत नाहीत, पण येतात. मागच्या वर्षी माझा पाय मोडला तेव्हा दोन महिने रोज आले, रोज काहीतरी विसरून गेले आणि ते न्यायला पुन्हा आले.

मुलगी मात्र त्या दिवसापासून दुकानाची पायरी चढलेली नाही. अबोला नाही. ती मला तिच्या घरी नेते, डोके चेपून देते, भांडते. पण जिथे ते नाव भरले गेले त्या जागेत पाय ठेवणार नाही, म्हणते. मंगळवारी बाळाची बातमी दिली त्याच फोनवर ती म्हणाली, “आई, गुरुवारी आम्ही दुकानावरूनच जाऊ. तू त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारलीस तर गाडी थांबवून बाळ तुझ्या मांडीवर ठेवीन. नाहीतर सरळ पुढे जाऊ. माझ्या मुलाने आपल्या बापाचं खोटं नाव ऐकत मोठं व्हायचं नाही.” बाळाचे काय नाव ठरले, तेही तोवर सांगणार नाही म्हणाली. मुलगी माझ्यावर गेली आहे, दुसरे काय!

मंगळवारपासून मी आरशासमोर उभी राहून ते नाव म्हणून बघते आहे. पहिले अक्षर येते, पुढचे येत नाही. पण कागदावर जमले. काल वकीलबाईंनी यादी पुढे सरकवली आणि ‘जावई’ या रकान्यात मी ते नाव माझ्या हाताने लिहिले. अक्षर वाकडे आले आहे, तरी वाचता येते.

कलम ६. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलीला. वरच्या फडताळाचे दार ओढून लावावे लागते, हे तिला माहीत आहे.

कलम ७. दुकान, दोन्ही मशिने, भरतकामाच्या रिंगा, दोऱ्यांची सर्व रिळे आणि न खपलेली तयार दुपटी (विनायक नऊ, भालचंद्र चौदा) माझ्या जावयांना. मशीनची भाषा त्यांनाच कळते. या आणि आधीच्या कुठल्याही कागदावर मी जिथे जिथे ‘श्रीधर’ लिहिले असेल, तिथे यादीतले नाव वाचावे. दुलईवरही.

कलम ८. चिठ्ठ्यांचे अकरा खण, माझ्या मुलीच्या पोटी मंगळवारी सकाळी जन्मलेल्या मुलाला, वजन तीन किलो शंभर ग्रॅम. वकीलबाई म्हणतात, वजन लिहायची गरज नाही. राहू द्या, मला लिहायला आवडते! त्याने त्या मोठेपणी पोट धरून हसण्यासाठी वाचाव्यात. आपल्या नावाची चिठ्ठी शोधू नये. ती असली तरी परक्या कोणाबद्दल असेल.

कलम ९. हे कलम मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकीलबाईंचा मजकूर टाइप होऊन, वाचून झाला होता. पावणेबारालाच दाराशी गाडी लागली. जावई आत आले. ते वेळेआधी आले, याचा मलाच धक्का बसला. गाडी त्यांनीच थांबवली होती; मुलगी आपली अट धरून बाळाला घेऊन गाडीतच बसून राहिली, काच अर्धी खाली.

“आई, बाळासाठी दुपटं न्यायला आलोय,” ते म्हणाले. मग साक्षीदारांकडे पाहून म्हणाले, “सह्या चालल्यात? मीपण करतो.”

“तुम्हाला नाही चालणार,” वकीलबाई म्हणाल्या. “ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“मग मला मिळतं ते खोडा की. आईंच्या कागदावर माझ्या नावाची सही राहील, तेवढं पुरे आहे मला.”

हे ते हसत हसत म्हणाले, आणि लगेच त्यांना मशीनचा पट्टा सैल दिसला, तसे पाठमोरे खाली बसले आणि पेचकस काढला. मी त्या पाठीकडे बघत होते. माझा नवरा सुया आणायला गेला तेव्हाची त्याची पाठ मला अजून आठवते. ही ती नव्हती. ही अकरा वर्षे माझ्या मशीनपुढे वाकलेली पाठ होती. मी हाक मारली. त्यांच्या नावाने.

त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

त्यांना वाटले, मी दुसऱ्या कोणाला बोलावते आहे. अकरा वर्षांत या दुकानात ते नाव त्यांच्या कानावर एकदाही पडले नव्हते, मग वळतील कसे? मला रडू फुटले. मी पुन्हा हाक मारली, एवढ्या मोठ्याने की साक्षीला आलेले शेजारचे घड्याळजी खुर्चीतून उठले. पेचकस खाली पडला. जावई वळले, माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “ओ, आई.”

गाडीचे दार वाजले. मुलगी बाळाला छातीशी धरून पायरी चढली आणि उंबऱ्याच्या आत आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. “परत म्हण. मला नीट ऐकू आलं नाही.”

तिला ऐकू आले होते. मी परत म्हटले.

बाळ माझ्या मांडीवर आहे. त्यामुळे अक्षर हलते आहे, याला कोणी हरकत घेऊ नये. त्याचे नाव मला सांगण्यात आले आहे. चिठ्ठी केलेली नाही.

स्थळ: माझे दुकान
दिनांक: १४, गुरुवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटे

लिहून ठेवणार: (सही) दुपटेवाली आजी, डाव्या हातात बाळ असताना

आम्हा दोघांसमक्ष आजींनी वाचून, समजून सही केली.

साक्षीदार १: (सही) समोरचा औषधवाला. आजी शुद्धीवर आहेत. मी नाही, मला हुंदका आवरत नाही.

साक्षीदार २: (सही) शेजारचा घड्याळजी. हाका तीन. तिन्ही मी ऐकल्या.