उन्हाळ्यापुरतं बेघर

१२ डिसेंबर
डिसेंबर आला, इथला उन्हाळा लागला — चला, निघा! मार देल प्लातात समुद्राजवळ भाड्याने राहायचं तर हे असंच. मार्च ते डिसेंबर आपण, मग उन्हाळाभर सुट्टीवाले. आठवं वर्ष आहे हे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! घरमालकीण इसोलिनाबाई येऊन भिंतींवरून हात फिरवून गेल्या. सुट्टीवाले आठवड्याला जे मोजतात तेवढा मला मासळीच्या कारखान्यात महिन्याचा पगार नाही. त्यांना दोष तरी काय द्यायचा? पण देतेच मी.

१५ डिसेंबर
भावाच्या, रूबेनच्या, मागच्या खोलीत. भावजय वाईट नाही, भांडी तेवढी आपटते. आईचं मात्र अवघड झालंय. यंदा तिला काहीच लक्षात राहत नाही. ला पेर्ला भागातल्या आपल्या घरात अंधारातही बिनचूक फिरायची, इथे न्हाणीघर सापडत नाही म्हणून रडली. मार्चमध्ये तेच घर परत मिळायला हवं. दुसरीकडे तिचा निभाव लागणार नाही.

४ जानेवारी
आई नाहीशी झाली! रूबेनचा फोन आला तशी सुरी टाकून पळाले. दवाखाने झाले, पोलीस झाले. शेवटी सुचलं — आपलंच घर. दार उघडंच. आई ओट्याशी एम्पानादांचं, त्या खिम्याच्या करंज्यांचं, पीठ मळतेय आणि महिनाभरासाठी घर घेतलेलं रोसारियो शहरातलं जोडपं पाहुण्यांसारखं खुर्च्यांवर बसलेलं. बस बदलून एकटी आली ही! वर त्यांनाच म्हणाली म्हणे, आलात कधी, भुका लागल्या असतील ना?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती बाई, लिदिया, म्हणाली, "राहू द्या हो. आमच्यापेक्षा त्यांचंच घर हे."

९ जानेवारी
आई पुन्हा गेली. लिदियानेच सांगितलं, रोज दुपारी आणून सोडा. सोडते. इसोलिनाबाईंना कळलं तर मार्चमध्ये दारात उभं करणार नाहीत. जीव नुसता टांगणीला.

२० जानेवारी
आज कारखान्यातून आणायला गेले तर आई त्या दोघांना घर दाखवत होती. जुलैच्या थंडीत ऊन पार पलंगापर्यंत येतं म्हणे. वारा सुटला की कुठली खिडकी आधी लावायची, पहाटे लाटांचा आवाज कुठल्या खोलीत येतो — सगळं आठवतं हिला! सकाळचं जेवण आठवत नाही. लिदियाचा नवरा म्हणाला, आजींचं ऐकून हिवाळ्यातही इथेच राहावंसं वाटतं. आई खुलली. किती दिवसांनी हसली! मलाही बरं वाटलं.

३१ जानेवारी
ते गेले. लिदिया आईच्या गळ्यात पडून रडली. मीही.

१७ फेब्रुवारी
इसोलिनाबाईंना फोन केला. मार्चपासून दीडपट भाडं मागितलं तरी कबूल म्हटलं, जादा पाळी करीन. 'बघू गं' म्हणाल्या. आवाज गोड होता. मला तो गोडवा काही आवडला नाही.

२६ फेब्रुवारी
इसोलिनाबाईंनी बोलावून सांगितलं — घर विकलं. लिदिया आणि तिच्या नवऱ्याने घेतलं, कायमचं राहायला.

"घासाघीससुद्धा केली नाही बघ त्यांनी," म्हणाल्या. "तुझ्या आईचे आभार मानायला सांगितलेत."