डावा सिलिंडर माझा, उजवा दादाचा

हे मृत्युपत्र लिहून ठेवणारी मी, वय सत्तावीस, धंदा एक असा नाही, सध्या मुक्काम दादाच्या घरी, माडीवरची खोली. घरात मला भिंगरी म्हणतात, कारण ती पायाला आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, हे गॅरेजवाले मिस्त्री आणि वहिनी दोघंही सांगतील. दादाला विचारू नये. तब्येत ठणठणीत आहे. कोणाच्या दबावाखाली मी हे करत नाही, असं इथे लिहावं लागतं. दादाने दबाव आणला आहे, पण तो थोरल्या भावाचा, आणि तसला दबाव कायदा मोजत नाही असं कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्टकाका म्हणाले. मोजत असता तर एकही घर चाललं नसतं, असंही म्हणाले.

कागद करण्याचं कारण असं. मला बाबांची जुनी मोटारसायकल घेऊन डोंगरापलीकडे जायचं आहे, रस्ता संपतो तिथपर्यंत. गाडी अर्धी दादाची आहे. माझा अर्धा मी कुठेही नेऊ शकते, पण त्याने हो म्हटल्याशिवाय त्याचा अर्धा दारातून हलत नाही. दादा लिफ्टची तपासणी करतो, म्हणजे काय काय तुटू शकतं याचा दिवसभर विचार करण्याचा त्याला पगार मिळतो. मी विचारलं तेव्हा त्याने आधी गाडीचे दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मग म्हणाला, "आधी मृत्युपत्र कर. मग गाडीचं बोलू."

"म्हणजे हो?"

"म्हणजे आधी मृत्युपत्र कर."

तर केलं.

कलम एक. माडीवरची खोली बाबांनी माझ्या नावावर केली होती, मी परत येत राहावं म्हणून. मी येत राहिले, राहिले मात्र नाही. ती खोली मी वहिनीला देते. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि खिडकी उत्तरेची आहे. त्या उजेडाकडे बघून ती उसासा टाकते आणि मला काही बोलत नाही, हे मी पाहिलं आहे. खिडकीची कडी आधी वर ढकलायची, मग ओढायची. कपाटावर एक खोका आहे, त्यात मी जिथे जिथे काम केलं तिथल्या टोप्या आणि एप्रन आहेत. ते फेकून द्यावेत. धोबीखान्यातला निळा तेवढा ठेवा, कापड चांगलं आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल तेही वहिनीला. दादाला दिलं तर तो ते मुदत ठेवीत घालेल. वहिनीने ते उडवावं अशी माझी इच्छा आहे, अट नाही.

कलम तीन. माझा तंबू मामेभावाने "दोनच दिवस" म्हणून नेला आणि त्याला तो आता आपलाच वाटतो. तो मी त्याला रीतसर देते, म्हणजे निदान लांबवलेला राहणार नाही. तंबूचा मधला खांब माझ्याकडे आहे. तो देत नाही.

कलम चार. आत्याने माझ्याबद्दल आजवर जे जे म्हटलं ते सगळं तिचं तिला परत.

कलम पाच. माझे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि ग्रीसची पिचकारी मिस्त्रींना. त्यातले निम्मे त्यांचेच आहेत, हे त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

कलम सहा. मोटारसायकल. हे कलम लांबणार आहे, टायपिस्टकाकांना आधीच चहा पाजला आहे.

बाबा जाताना गाडीबद्दल एवढंच म्हणाले, दोघं मिळून सांभाळा. गाडी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, वयाने माझ्या दुप्पट. दुसऱ्या घरात एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेतला असता. आम्ही इंजिन वाटून घेतलं. डावा सिलिंडर माझा, उजवा त्याचा. टाकी, चाकं आणि दिवा सामाईक. माझा प्लग मी पुसायची, त्याचा तो. मी महिनोन् महिने बाहेर असले की माझा प्लग काजळी धरून बसायचा, पण दादाने त्याला कधी बोट लावलं नाही. तो असल्या बाबतीत फार सचोटीचा आहे, समोरच्याचा अंत बघणाऱ्या सचोटीचा.

गाडी चढाला धापा टाकायची. मी धोबीखान्यात होते त्या गावी एका भंगारवाल्याकडे मला मोठ्या कार्बोरेटरची जोडी मिळाली. (कोणी वकील हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात जातं. कार्बोरेटर मोठा, तर श्वास मोठा.) मी जोडी घरी आणून ओट्यावर ठेवली. वहिनीने ती उचलून खाली ठेवली. दादाने बघितली आणि म्हणाला, "कंपनीने लहान दिले ते काही विचार करूनच दिले असतील ना?"

"कंपनीला आपला चढ माहीत नव्हता."

"मग तुझ्या बाजूला लाव. माझ्या बाजूला हात लावायचा नाही."

हे तो तिरीमिरीत म्हणाला असेल. पण म्हणाला. म्हणून मी डाव्या बाजूला मोठा लावला. तो इंजिनाला जोडणारं रबर बसेना, ते मोठ्या मापाचं आणलं आणि त्याच्यामागचं सिलिंडरचं तोंड लेथवर वाढवून घेतलं. फिल्टरची पेटी आड येत होती, ती डाव्या अंगाने कापली. उजवीकडे बाबांच्या वेळचा लहान, तसाच. मिस्त्रींनी गाडी पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली.

"ही गाडी आहे का वाटणी झालेलं घर?"

"वाटणीच आहे, मिस्त्री."

"मधे भिंत नाही घातलीत?"

भिंत घातली नव्हती, आणि गाडी चालतही होती, पायात एक चप्पल आणि एक बूट घातल्यासारखी. आता टू-स्ट्रोकची खोड सांगते, कारण हिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक हवी. पेट्रोल जाण्याचं जे बारीक भोक असतं, जेट, ते आधी मोठंच लावायचं असतं. गाडी धूर काढते, घोगरं बोलते, अडखळते. मग एकेक माप खाली यायचं. खाली येता येता पेट्रोल कमी पडायला लागलं की गाडी कुरकुरत नाही, उलट गोड चालते. हलकी होते, आवाज स्वच्छ होतो. आणि हिला तेल मिळतं ते पेट्रोलातूनच, त्यामुळे ती सगळ्यात गोड चालत असते तेव्हा आतून कोरडी पडत असते.

डावीकडे मी एकेक माप उतरत गेले, आणि डेअरीच्या सरळ रस्त्यावर ती इतकी गोड चालली की मी गाणं म्हणत होते. डावा पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक कोणी दोरीने बांधावं तसं थांबलं. क्लच दाबला गेला म्हणून घसरत कडेला आले. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही.

दादा आला. आधी माझं कोपर पाहिलं, मग माझे डोळे, मग गाडी, आणि ढकलायला लागला. घर येईपर्यंत एकदाच बोलला.

"दोन्ही पिस्टन फिरवतात तो क्रँकचा दांडा सामाईक आहे. वाटताना आपल्या लक्षात आलं नाही."

मिस्त्रींनी डावा सिलिंडर आतून कोरून, बोअर करून, नवा पिस्टन घातला. त्यानंतरच्या रविवारी मी खाली उतरले तर अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर उजवा लहान कार्बोरेटर सुटा केलेला, आणि दादा बनियनवर.

"दुसरा मोठा कुठे ठेवलास?"

"तुझ्या बाजूला हात लावायचा नाही म्हणाला होतास."

"मी लावतोय. तू लांब बस."

लांब बसणं मला जमत नाही. पण पद्धत त्याची, हे मी कबूल केलं. दोन्ही कार्बोरेटरच्या आतल्या पट्ट्या एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा लोंबकळतो. त्यासाठी प्रत्येक पट्टीखाली एकाच मापाचं ड्रिलचं पातं अडकवायचं आणि एक्सलरेटर हळू फिरवायचा. दोन्ही पाती एकदम पडली तर जमलं.

"पडलं?"

"माझं पडलं."

"माझं अजून आहे."

"तुझं नेहमीच मागे असतं, दादा."

"तुझं नेहमी पडतं," तो म्हणाला, आणि केबलचा नट अर्धा आटा फिरवला.

मग जेट. मोठ्यापासून सुरुवात, एकेक माप खाली, दोन्ही बाजूंना बरोबर. तोच रस्ता, तोच वेग, आणि वेगात असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबायचं, तिथेच प्लग काढून रंग बघायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, मधला तपकिरी बरोबर. मला तो तपकिरी लवकर दिसायचा, दादाला दिसायचाच नाही. शेवटी वहिनीला डेअरीच्या रस्त्यावर छत्री देऊन उभं केलं. ती प्लग उन्हात धरायची. "हा डांबरी." पुढच्या खेपेला, "हा भिजलेल्या मातीचा." एकदा नुसतीच मान हलवली आणि म्हणाली, "तुम्हा दोघांना रंगाचं काही कळत नाही." ती ज्या दिवशी म्हणाली, "हा कोरड्या मातीचा, दोन्ही एकाच ढिगाऱ्यातले," त्या दिवशी आम्ही थांबलो. मला अजून एक माप उतरायचं होतं. दादाने जेटचा डबा बंद करून स्वतःच्या खिशात घातला. गाडी आता किंचित घोगरी चालते, चढाला धापा टाकत नाही, आणि तशीच राहू द्यावी.

तर माझा डावा सिलिंडर, पिस्टन, प्लग, कार्बोरेटर यांसह, आणि सामाईकातला माझा सगळा हिस्सा, मी दादाला देते. म्हणजे गाडी पूर्ण त्याची होईल. जुने लहान कार्बोरेटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून जिन्याखाली आहेत. त्याला ते परत लावावेसे वाटले तर लावावेत. मला वाईट वाटेल हा विचार करू नये, मला तेव्हा काही वाटण्याचा प्रश्नच नसेल. कापलेली पेटी मात्र भरून येणार नाही. लांब उतारावर एक्सलरेटर पूर्ण मिटून उतरू नये, मधून मधून एक घोट द्यावा. हे दादानेच मला शिकवलं, तरी लिहिते, कारण स्वतः चालवताना तो विसरतो.

कलम सात. मागे रडारड नको. आत्याला रडायचं असेल तर कलम चार वाचून रडावं.

वरचं सगळं माझ्या मर्जीने लिहिलं, टायपिस्टकाकांनी टाइप केलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. याआधी मी असा कागद केलेला नाही.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. माझ्यासमोर सही केली.

पुरवणी, माझ्याच हाताने लिहिलेली, कारण टाइप झाल्यावर पुढचं घडलं.

सह्यांसाठी आम्ही दादाच्या अंगणात जमलो होतो. टायपिस्टकाकांनी आधीच बजावलं होतं की ज्याला या कागदाने काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला तर कागद टिकतो, पण त्याला आणि त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला दिलेलं गळून पडतं. म्हणून मिस्त्री बाजूला बसले होते. शिंप्यांची सही झाली, दुसरी टायपिस्टकाका स्वतः करणार होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं तेवढ्यात दादाने हात पुढे केला.

"आणा इकडे."

"अहो, तुम्ही नका. तुमची गाडी जाईल."

"ऐकलं मी मघाशी."

"दादा, मग लिहायला कशाला लावलंस?" मी म्हटलं.

त्याने सही केली, तारीख घातली, पेन परत दिलं. "काय लिहितेस ते बघायचं होतं," म्हणाला. "मला तुझा डावा नकोय. तू गेलीस म्हणून मिळालेली गाडी मी कुठे नेऊ?"

वहिनी म्हणाली, "माझी उत्तरेची खिडकीपण घालवलीत."

"ती आजच घे. ही कुठे असते तिथे."

मी म्हटलं, घे. तिने जिन्याकडे बघितलं आणि हसली.

मग मी विचारलं, गाडीचं काय. दादाने जेटचा डबा खिशातून काढून माझ्यासमोर धरला. "डोंगरावर हवा पातळ. तिथे पेट्रोल जास्त होईल, एक माप उतर. दोन्ही बाजूंना उतर. आणि उतरून खाली आलीस की आधी मोठे परत लाव, मग चहा पी."

"मी एकटीने उजव्याला हात लावू?"

"लाव."

तेव्हा कलम एक, दोन आणि सहा आता गळाली, असं टायपिस्टकाका म्हणतात. नवीन कागद करू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. गाडी माझ्यामागे कोणाची, हे या कागदात आता कुठे लिहिलेलं नाही, आणि उद्या सकाळी मी निघते आहे.

सही: भिंगरी
ठिकाण: दादाचं अंगण
तारीख: दादाच्या सहीसोबत आहे तीच, रविवार

साक्षीदार दुसरा: दादा, लिफ्ट तपासनीस. या कागदाने मला काहीही मिळत नाही, हे समजून सही केली आहे.