साडेतीनची फट

माळवाडी, रत्नागिरी
१७ नोव्हेंबर २०२५

चि. वेदिकाला आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की तुमच्या वसतिगृहात फोन कपाटात कोंडून ठेवतात, आणि मला आता लिहिता येतं. दुसरं कारण मुद्दाम लिहिलं गो. साक्षरता वर्गातल्या बाई म्हणाल्या, नातीला पत्र लिहा म्हणजे हात वळेल. तर हा बघ वळतोय. रेघेवरून घसरला तर हसू नको.

आमच्या बचत गटाची काजूची शेड झाली! चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, पुढे हा भलामोठा लोखंडी सरकता दरवाजा. त्याचा रूळ दहा मीटर, दोन तुकड्यांत. दिवाळीत तू चुलीपुढे बसून हिशोब केलास ना, की उन्हाने लोखंड वाढतं, म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये साडेतीन सेंटिमीटर फट हवी? ते मी माझ्या हाताने कागदावर उतरवलं नि वेल्डिंगवाल्या अस्लमला दिलं. आपल्या हफीजाचा थोरला. त्याने टेप लावून बरोब्बर तेवढी ठेवली. येईल त्या बाईला मी ती फट दाखवते. लोकांच्या नाती रांगोळी काढतात, माझ्या नातीने फट काढली!

वानरांनी परवा माझा चष्म्याचा डबा नेला. चष्मा नाकावर होता म्हणून वाचला. आणखी एक, गटाला लिहिती सचिव हवी आहे, आणि सगळ्या माझंच नाव घेतायत. शेजारची सगुणा तिसरी शिकलेली, तिचं तोंड उतरलंय. तिला मी फट दोनदा दाखवली. उद्घाटन पुढच्या बुधवारी.

माया आहेच, ती उन्हातल्या लोखंडासारखी वाढव.
तुझी आजी,
गोदा (सही माझी आहे)

*

सांगली
२२ नोव्हेंबर २०२५

ती. आजीला पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र काल आलं आणि आज चाचणीचा पेपर मिळाला. उलटं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

आजी, माझा हिशोब चुकलाय. लांबी किती वाढेल हे काढायला मूळ लांबीला लोखंडाच्या प्रसरणांकाने गुणायचं, मग तापमानातल्या फरकाने गुणायचं. रूळ पहाटे वीस अंश, भर उन्हात पन्नास. फरक तीस. मी त्या तीसमध्ये दोनशे त्र्याहत्तर मिळवले, केल्व्हिन करायचं म्हणून. मिळवायचेच नसतात. वीसमध्ये मिळवले नि पन्नासमध्येही मिळवले, तरी वजा केल्यावर तीसच उरतात. मी तीसच्या जागी तीनशे तीन धरले. उत्तर दहापट झालं. साडेतीन सेंटिमीटर नाही, साडेतीन मिलिमीटर. दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल एवढीच फट.

चाचणीतही हेच केलं. सरांनी वर्गात विचारलं की हा रूळ आहे की चड्डीचं इलॅस्टिक. सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं दुसऱ्या कुणाचा पेपर आहे. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला.

उद्घाटनाच्या आत अस्लमदादाला फट बुजवायला सांग. रेक्टरबाईंच्या फोनवर सगळ्यांसमोर हे बोलवत नाही, म्हणून लिहिते. माझं नाव घेऊ नकोस. म्हणजे घ्यावं लागलं तर घे. काय लिहू कळत नाही. तू सगळ्यांना दाखवत फिरलीस हे वाचून कान गरम झाले. नाताळात मी येणार नाही, अभ्यास आहे असं बाबांना कळवते.

रागावली असशील तरी माया तोडू नको.
वेदिका

*

माळवाडी
२९ नोव्हेंबर २०२५

चि. वेदिकाला आजीचे ढीगभर आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. उद्घाटन बुधवारी झालं. पोस्टाचा काही दोष नाही, पोस्टमनच्या घरी लग्न होतं.

आता मजा ऐक. तालुक्याहून पाहुण्या बाई आल्या, जरीची साडी, हातात कात्री. रिबीन कापली. आम्ही सहाजणींनी दरवाजा ढकलला, तो हातभर सरकला, नि चाक त्या फटीत जे बसलं ते हलेना. बाई अंगाने आमच्याएवढ्याच, त्या काही हातभर उघड्या दारातून आत जाईनात. शेवटी मागच्या दाराने, काजूच्या सालांच्या ढिगावरून आत नेल्या. साडीला साली चिकटल्या. भाषणात त्या म्हणाल्या की महिलांनी अडचणींवर मात करावी. मला हसू आवरेना गो.

मग सगळ्या अस्लमवर तुटून पडल्या. तो बिचारा खिशातून माझा कागद काढायला लागला. तेवढ्यात सगुणाच म्हणाली की गोदाने मिलीचं सेंटी केलं असेल, नवं शिकलेलं माणूस, व्हायचंच. मी म्हटलं होय बाय, तसंच झालं. नि गंमत बघ, दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचलं, तर सगुणाने अंदाजाने मारलेला आकडा खरा निघाला!

तेव्हा तुझं नाव कुठेच नाही. अस्लमने एक तुकडा सरकवून घेतला, आता दरवाजा लोण्यासारखा जातो. सचिव सगुणा झाली. बरंच झालं, मला कशाला ती कटकट. वर्गालाही जात नाही हल्ली, गुडघे दुखतात. हे पत्रसुद्धा मधेच सोडणार होते. पुढे रविवारी तुमच्या रेक्टरबाईंच्या फोनवरच बोलत जाऊ.

नाताळात ये. बांगड्याचं तिखलं करते.
जीव लावून ठेव, तेवढं पुरे.
आजी

*

सांगली
६ डिसेंबर २०२५

ती. आजीला वाकून नमस्कार.

गुडघे दुखतात म्हणे! त्याच गुडघ्यांनी तू रोज कातळ चढून गवताचा भारा आणतेस.

पेपरातल्या शून्याची लाज मला दोन दिवस वाटली. तुझं पत्र वाचल्यापासून ताटावर बसवत नाही. या वयात पाटी घेऊन बसलीस, माझ्यापेक्षा ठळक अक्षर काढलंस, आणि माझ्यासाठी सगळ्यांसमोर अडाणी झालीस. मला नाव वाचवायचं होतं, आजी. तुझं घालवून नव्हे.

खालचं गटाच्या बैठकीत वाच. तूच वाच, उभी राहून. गाळू नको.

गटातल्या सगळ्या काकींना नमस्कार. आजीने आकडा मी सांगितला तसाच उतरवला. चूक माझी आहे. प्रसरणांक बरोबर घेतला, तापमानातला फरक चुकवला. तुमचा दरवाजा माझ्यामुळे अडला आणि बोल आजीला लागला. मला माफ करा. वेदिका.

मी चोवीसला येते. तोवर वाचलं नसशील तर तुमच्यासमोर मी वाचेन.

माया ठेव, जमलं तर जराशी रागावही.
वेदिका

*

माळवाडी
१५ डिसेंबर २०२५

चि. वेदिकाला आशीर्वाद.

काल वाचलं.

चूक माझी आहे, हे आलं की खोकला काढायचा नि पुढच्या ओळीवर उडी मारायची, असं मी घरून ठरवून गेले होते. पण सगुणा शेजारी उभी राहिली, नि माझ्या बोटाबरोबर तिचेही डोळे चालले. उडी मारता येईना. वाचलं. प्रसरणांकाशी अडले. मागे गेले, एकेक अक्षर सुटं केलं, मग जोडून म्हटलं. 

मला वाटलं आता शाबासकी देतील. कसली! सगुणा म्हणाली की जी बाई एवढा दांडगा शब्द वाचते ती मिलीचं सेंटी करीलच कशी, आणि मग आमच्या तोंडावर खोटं का बोललीस. हफीजा म्हणाली की माझा अस्लम त्या दिवसापासून मापाचा जो तो कागद आधी मला वाचून दाखवतो, चूक नाही ना याच्या खात्रीला. मला मान वर करवेना. तुला झाकायला गेले नि सगळ्यांना फसवलं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. सचिवपण सगुणाकडेच राहिलं. मी मागितलं नाही, कुणी देऊही केलं नाही. पण गोदाने सोमवारपासून वर्गाला जायचं, असा ठराव झाला. तो सगुणाने लिहिला, आणि वर्गाला या शब्दातला रफार चुकवला. मी तो दाखवून दिला नाही.

वेदिका, अंगठा उठवताना मला जन्मभर लाज वाटायची. ती मुकाट लाज. कालची वेगळी. काल वाचता आलं म्हणून लाज वाटली, आणि ती कुणाला सांगताही आली. हे बघ, तुला सांगितली.

चोवीसला ये. बायका हसणार आहेत, आधीच सांगते. चड्डीच्या इलॅस्टिकचं मीच त्यांना सांगून बसलेय. हसू दे. मी तुझ्या शेजारी बसेन, आणि दोघींनी मिळून लाजू.

येताना माया घेऊनच ये, इथली तुला पुरायची नाही.
तुझी आजी,
गोदा