आभाळ निवळेपर्यंत

१४ सप्टेंबर

आले बाई एकदाची! स्वारगेटला एसटीत बसले तेव्हा पाय सुजून भोपळे झाले होते, पण नसरापूर मागे पडलं, तोरणा दिसायला लागला आणि जीव हलका झाला. वेल्ह्याच्या स्टँडवर सासरे स्वतः उभे, धुतलेली टोपी घालून. वडापच्या, शिटं भरून नेणाऱ्या जीपमध्ये त्यांनी मला पुढची सीट मिळवून दिली आणि ड्रायव्हर सोमनाथला दम भरला, खड्डे चुकव रं, माजा नातू बसलाय पुढं. सोमनाथ म्हणाला, खड्डे चुकवायचे तर रस्त्यावरनं खाली उतरावं लागंल आबा. वाडी येईपर्यंत मी हसत होते.

लग्नाला दोन वर्षं झाली, पण या घरात मी आजवर पाहुणीच. सणाला यायचं, पुरणपोळी खायची, धायरीच्या खोलीत परत. आता दिवस भरत आले. आई नाही, म्हणून किकवीच्या माहेराला कुलूप. सासूबाईंनीच लेकाला, अमृतला निरोप धाडला की पोरीला हिकडं आण, बाळतपण आमी करू. अमृत कंपनीतून रविवारी येऊन जाईल. मला मधली खोली दिली आहे, कारण ती गार. समोर भाताची खाचरं, वर डोंगर, चुलीवरची भाकरी. सासूबाईंनी रात्री पायाला तेल लावलं. मी नको नको म्हणत होते आणि मनात म्हणत होते, थांबू नका.

१९ सप्टेंबर

नसरापूरला सोनोग्राफी झाली. बाळ छान आहे, पण डोकं वर आणि पाय खाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता वळलं नाही तर सिझर. कळा सुरू झाल्या की घरी थांबायचं नाही, सरळ निघायचं.

घरी सांगितलं तर सासऱ्यांनी टाळीच वाजवली. पायाळू! पायाकडून जन्मणारं पोर! पायाळूची लाथ बसली की कंबरेतली उसण जाते म्हणे, आणि आमच्या सासऱ्यांची उसण माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. संध्याकाळपर्यंत वाडीतले दोन म्हातारे कंबर धरून नंबर लावायला आले. मी म्हटलं, ओट्यावर पाटी लावू, एका लाथेला एक शेर तांदूळ. सगळे खो खो हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ते मशीन चुकत असंल का गं कधी?

२७ सप्टेंबर

दोन दिवस लिहायला हात धजला नाही.

परवा दुपारी घरावर वीज पडली. मी परसात न्हाणीपाशी होते. पांढरं झालं सगळं, आवाज नंतर आला, की आधी, आठवत नाही. उठून आत गेले तर धूर, जळक्या वायरचा घाण वास. स्लॅबचा कोपरा उडाला होता. मधल्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग, तिथल्याच मागच्या दाराची चौकट निखळलेली. मीटर, टीव्ही, सगळं कोळसा. गोठ्यातली म्हैस जागच्या जागी गेली. सासरे मीटरखाली पडले होते, डोळे उघडे.

सोमनाथने जीप काढली, देव भलं करो त्याचं. सासरे वाचले. कान गेले, उजव्या हातावर झाडाच्या फांदीसारखे लाल वळ उठलेत. सासूबाई नवरात्राच्या घटासमोर बसून राहिल्या आहेत. मी त्यांच्याजवळ बसले, तर त्या हळूच सरकून बसल्या.

३० सप्टेंबर

घर सावरतंय. अमृत रजा टाकून आला होता. त्याने स्लॅबचे तुकडे उचलले, मागचं दार बसेना म्हणून खिळे ठोकून बंदच करून टाकलं, आणि परत गेला. लाईट यायला वेळ लागेल. सासरे भिंतीला टेकून बसतात. त्यांना काही विचारायचं तर हातवारे करावे लागतात. भरवायला गेले तर माझ्या हातचं खात नाहीत.

भेटायला येणारे आधी त्यांच्याकडे बघतात, मग माझ्या पोटाकडे. शेवटी म्हातारी सुईण चंद्राबाई बोललीच. पायाळूला वीज हुडकत येती म्हणाली, ही काय आजची गोष्ट हाय? ज्यांनी लाथेसाठी नंबर लावले ते दोघे तिथेच बसून मान डोलवत होते. मी हसले. एकटीच हसले. मग संताप आला असा की तांब्या फेकावासा वाटला. पोट चोळून पोर फिरवते म्हणत चंद्राबाई पुढं सरकली, तेव्हा तिचा हात मी झिडकारला. तो अपमान आता वाडीभर झालाय.

३ ऑक्टोबर

माझं अंथरूण पडवीत आलं. कारण काय, तर भिंतीला भेग आहे, अंगावर पडेल. त्याच खोलीत सासूबाई झोपतात, त्यांच्या अंगावर नाही पडत वाटतं भिंत!

आभाळ गडगडलं की त्या कोयता अंगणात फेकतात, वीज लोखंडावर जावी म्हणून. हे किकवीलाही करायचे. पण आज कोयता अंगणात पडला नाही. पडवीत, माझ्या पायाशी येऊन पडला.

५ ऑक्टोबर

अमृत आला. मी म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता धायरीला ने. तर म्हणे आबांची ही अवस्था, आईला दुखवू नको, चार दिवसांचा प्रश्न आहे, आभाळ निवळलं की नेतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला माणूस हा! मी विचारलं, तुझं पोर वीज ओढतं असं तुला वाटतं का, सरळ सांग. तो म्हणाला, मला नाही वाटत, पण त्यांना वाटतं ना. आणि रात्री आत जाऊन झोपला. मी पडवीत. कसलं हे लग्न आणि कसला हा बाप.

८ ऑक्टोबर

आता दुपारी ढग आले की मला माळावरच्या खोपटात नेऊन बसवतात. निवळलं की परत आणतात. सासूबाई पुढं चालतात, मी मागे, मध्ये बरंच अंतर. आभाळ भरलेलं असलं की मला कोणी हात लावत नाही. पाण्याची कळशी दारात ठेवून त्या म्हणतात, दोन तासांचं तर हाय गं माजे बाई. डोळ्यात पाणी असतं. खरं पाणी. त्याचीच जास्त चीड येते.

फोन मेलाय. वाडीत कोणी चार्ज करू देत नाही, विजेची वस्तू तुज्यापाशी नगं म्हणतात. सोमनाथला रस्त्यात गाठलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, वैनी, तुमाला घेतलं तर बाकीची शिटं उतरत्यात. चालत जायला निघाले होते, ओढ्यापर्यंत. पाय चालेनात.

आणि एक. लिहू का नको. गडगडण्याच्या थोडं आधी बाळ लाथ मारतं. दर वेळी. योगायोग असेल. असेलच.

१० ऑक्टोबर

खोपटाच्या आढ्यावर पहार बांधली आहे. उभी, टोक आभाळाकडे. तारेने आवळून. आज वर पाहिलं तेव्हा दिसली.

तारेची गाठ सासऱ्यांच्या हातची. त्यांनीच केलंय. तो भाजलेला हात घेऊन चढले असतील. ज्यांनी माझ्यासाठी खड्डे चुकवायला सांगितले ते.

म्हणजे नुसतं दूर ठेवायचं नाही. इथे पडावी. माझ्यावर. म्हणजे घर सुटलं.

उपटायला गेले, हात पोहोचत नाही. ओरडले. बांधावर चार माणसं उभी होती. कोणी हललं नाही.

११ ऑक्टोबर

आज खोपटाजवळचा आंबा विजेने चिरला. उभा. साली माझ्या पायापर्यंत उडाल्या.

लाथ आधी. मग उजेड.

योगायोग नाही वाटत आता. देवा, मलाच वाटायला लागलं —

नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पाय खाली आहेत. एवढंच. बाकी सगळं खोटं. बाळा, तुझं काही चुकलं नाही. आईचंही नाही.

१२ ऑक्टोबर

सकाळपासून कळा. अमृत आलाय. गाडी आण म्हटलं. दुपारनंतर बघू म्हणाला. दुपारी ढग आले.

मला न्यायला निघाले तशी मी उठले, आणि पडवीतून बाहेर जायच्या ऐवजी सरळ मधल्या खोलीत गेले. सरी कोसळायला लागल्या तसे सगळे माझ्यामागे, बाहेर हो म्हणत, आत पळत आले. सासूबाई, सासरे, अमृत, आणि त्यांनी बोलावलेली चंद्राबाई. मी दाराला लोखंडी कडी घातली. दाराला पाठ लावून बसले. मागचं दार तर नवऱ्यानेच ठोकलंय.

कोणी मला हात लावत नाही. आभाळ आहे ना.

सांगितलं, गाडी दारात आली की कडी निघेल. तोवर सगळे मिळून बसू. खोटं असेल तर कोणाला काही होत नाही. खरं असेल तर सगळे.

सासूबाई पाया पडतायत, लांबूनच. कोयता बाहेर टाकू दे म्हणतायत. नाही. अमृत रडत सोमनाथला फोन करतोय. आज आवाज फुटला त्याला! माझी बायको मरंल म्हणतोय. मरंल, व्हय. आज कळलं.

लिहीत राहिले की कळ सोसते.

लाथ. उजेड. डोंगरावर पडली. लांब.

लाथ. उजेड. ओढ्यावर. जवळ.

चंद्राबाई भिंतीकडे तोंड करून बसली आहे.

हॉर्न! आला. आला मेला सोमनाथ, खरंच आला! शिटं उतरवून आलाय. अमृत म्हणतोय, उघड, चल, मी उचलतो तुला. हात पुढं केलाय. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

उठते. बाळा, निघालो आपण —

सासरे ओरडतायत. ऐकू येत नाही त्यांना, तरी — स्वतःच्या हाताकडे बघतायत. हातावरचे केस ताठ. अमृतचे पण. माझे. माझ्या वेणीतून सुटलेले वर —

त्या दिशी असंच झालतं म्हणतायत, पडायच्या आधी असंच — हलू नगंस, लोखंडाला हात —

कळ. पाय आला. बाहेर. इवला, गरम, माझ्या हातात —

गाडी दारात आहे. दारातच आहे. नुसती कडी —