बिनमिठाचे बोंबील

३ ऑक्टोबर १९९४

बाबांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. डॉक्टर उत्तराबाई म्हणाल्या, "हृदय थकलंय. सोडियम बंद म्हणजे बंद." सोडियम म्हणजे मीठ. जन्मभर खाडीत होडी चालवलेल्या माणसाला हे सांगायचं कुणी? मीच सांगितलं. "त्यापेक्षा विष दे," म्हणाले.

५ ऑक्टोबर

आईनं अळणी कालवण केलं. बाबांनी ताट सरकवलं. "मंजुळा, ढोरांना तरी मिठाचा खडा चाटायला देतात गं!" उपाशीच झोपले. हे असंच चालणार.

९ ऑक्टोबर

बाबा कळवा नाक्यावर आनंदच्या गाडीवर सापडले! पूर्वी नुसती मासे तळायची गाडी होती, आता 'सी फूड फास्ट फूड' अशी पाटी लावलीय. मला पाहूनही बोंबील खात राहिले. नजर खाली नाही.

आनंदला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"एवढंच ना ताई? काकांचं पीठ वेगळं, मसाला वेगळा, तवापण वेगळा."

"मिठाचा कणही नको."

"शप्पथ! भिवाजीकाकांच्या होडीवर वाढलोय मी. खाल्ल्या मिठाला जागीन." स्वतःच जीभ चावली. "सॉरी ताई!"

मला हसू आलं नाही.

१२ ऑक्टोबर

शपथा ठीक आहेत. मी आनंदनं बाबांसाठी तळलेले बोंबील डब्यात घालून डोंबिवलीला लॅबमध्ये नेले. कारखान्याच्या पाण्यातला क्लोराईड तपासणं हे माझं रोजचंच काम. मिठात क्लोराईड असतोच, तेव्हा मीठ असेल तर सापडेलच. जेवणाच्या सुट्टीत बोंबील जाळून राख केली, पाण्यात कालवली, गाळली, सिल्व्हर नायट्रेट सोडलं. नुसत्या माशात असतो तेवढाच क्लोराईड. पुन्हा करून पाहिलं. तेच. कुणाला काही सांगितलं नाही.

बाबांना रोज चालतील.

२० ऑक्टोबर

बाबा जेवतात! "याला म्हणतात चव. मंजुळे, आनंदकडं शिकवणी लाव." आई म्हणाली, "लावते की, फी तुम्ही भरा." किती दिवसांनी हसली.

२९ ऑक्टोबर

सूज पोटऱ्यांच्या वर गेली. वजन वाढलंय. उत्तराबाई चिडल्या. "घरात कुणीतरी मीठ देतंय यांना."

३० ऑक्टोबर

बोंबील परत तपासले. स्वच्छ. मग राहिली आई.

विचारलं. "तुझ्या बाबांची शपथ, नाही गं." मी म्हटलं, शपथ नको, माझ्याकडे आकडे आहेत. बाबा खाटेवरून ओरडले, "तिला कशाला बोलतेस?" — म्हणजे दिलंच असणार. मिठाची बरणी माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये.

३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

आज मीठ विकत आणायची रीत. आईनं पुडी आणली, पूजेत ठेवली, आणि न फोडता माझ्या हातात दिली.

८ नोव्हेंबर

रात्री बाबांना आडवं होता येईना. पहाटे दवाखान्यात नेलं. उत्तराबाई म्हणाल्या, "फार आशा धरू नका." त्या असं उगीच म्हणत नाहीत.

आईसाठी डबा भरताना लक्षात आलं — बरणी कपाटात गेल्यापासून तीही अळणीच खातेय. मी कधी काढून दिलं नाही. तिनं मागितलं नाही.

१० नोव्हेंबर

आनंद दवाखान्यात आला. हातात बोंबलांचा डबा. रडत होता.

"ताई, मीठ कणभर नाही घातलं. देवाशपथ! काकांना अळणी लागू नये म्हणून नुसता खायचा सोडा आणि अजिनोमोटो. तेवढं मात्र सढळ हातानं घालायचो."

सोडा. अजिनोमोटो. दोन्हींत सोडियम. मी तपासत होते तो क्लोराईड एकातही नाही.

"काय म्हणतोय गं तो?" आईनं विचारलं.

पर्समधून किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली.