निवट्यांचं बीळ आणि सात लिंका

विलेपार्ले, १८ ऑगस्ट २०२५

ती. पुतळाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बरं बरं म्हणून ठेवून देतेस, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या कृणालच्या हाती. आत्या, वाट लागलीय! गोराईच्या खाडीच्या चिखलात निवटे मासे किती उरलेत ते मोजायला अनुदान हवं, त्या अर्जात मी तुझ्या निवटे पकडतानाच्या व्हिडिओची लिंक टाकली. अशा एकूण सात लिंका. आज माझे संशोधनाचे सर म्हणाले, आधी नियम वाच. लिंक फक्त शेवटच्या संदर्भयादीत चालते. मजकुरात एक जरी सापडली तर अर्ज न वाचता परत, पुढची संधी दोन वर्षांनी. तोवर खाडीत निवटे राहतील का?

सहा लिंका काढल्या, काही अडलं नाही. तुझी निघेना. निवटा हातानेच काढायचा, पण कसा, ते मला लिहिता येईना. लहानपणी मी ते नुसते खाल्ले! शुक्रवारी पाचला मुदत संपते. आजच लिही.

लोभ आहेच, जवळ्याच्या चटणीने तो वाढतो.
तुझी रुचिका

गोराई, १९ ऑगस्ट २०२५

चि. रुचिकास अ. उ. आ.

एवढी शिकलीस आणि हे कळू नये? बाजारात मी गिऱ्हाइकाला सांगते का, की चांगली मासळी होडीवर आहे, जाऊन बघ? पाटीत दिसेल तेच विकलं जातं. नियम बरोबर आहे.

आता नीट वाच. ओहोटीला चिखलात उतरायचं. बिळाला दोन तोंडं असतात. एकावर टाच दाबायची, दुसऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. पाणी गढूळ आलं तर आत निवटा आहे, नितळ आलं तर घर रिकामं. पूर्वी पन्नास पावलांत वीस घरं भरलेली असायची. आज मुद्दाम मोजली, चार निघाली. वाईट वाटलं गं. तुला अनुदान मिळायलाच हवं.

चटणी दिली आहे. माया पोटभर, डबा मात्र परत हवा.
तुझी आत्या

विलेपार्ले, २२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न.

गेला! पाचला वीस मिनिटं असताना अर्ज गेला! तुझं पत्र जवळजवळ तसंच उतरवलं. गढूळ पाण्याची खूण वाचून सर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, व्हिडिओत हे कुठे होतं? खरंच नव्हतं गं, त्यात नुसता चिखल आणि तू.

निकाल डिसेंबरात. पण एक ऐक. शेवटच्या यादीत एकेचाळीस संदर्भ आहेत. चाळिसांपुढे निळी लिंक आहे. एकापुढे नाही, तिथे एवढंच लिहिलंय: पुतळाबाई हरेश्वर कोळी, हस्तलिखित पत्र, गोराई, १९ ऑगस्ट २०२५.

डबा भरून पाठवते आहे. कुणी पुरावा मागितला तर दाखवायला तुझं पत्र जपून ठेवलंय, चटणीच्या डागासकट.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
रुचिका