पुरुषांचं पाणी, बायकांचं पाणी आणि सेटिंगची फाइल

ती. काझुएताईस,

शिन्गोचा साष्टांग नमस्कार. (आओमोरीत सध्या इतका बर्फ आहे, की खरोखर साष्टांग घातला तर मी वसंतातच सापडेन, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) भाओजींची कंबर कशी आहे? कागोशिमाच्या उन्हात तुम्ही सुखात असालच.

मला बंबाजवळ फिरकायची बंदी झाल्याचं आईने तुला सांगितलंच असेल. घडलं ते असं. सासऱ्यांच्या सार्वजनिक स्नानगृहात पाण्याची उष्णता सांभाळायला मी हौसेने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिला. पुरुषांच्या बाजूचा एक फोल्डर, बायकांच्या बाजूचा दुसरा. सेटिंगची फाइल (पाणी किती अंश तापवायचं तो आकडा तिच्यात) होती पुरुषांकडे आणि बायकांच्या फोल्डरला काही केल्या ती सापडेना. (प्रोग्राम जिथून सुरू करावा तिथेच तो फाइल शोधतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे, नंतर ठाऊक झालं.) मी सरळ तिची नक्कल करून तिकडे टाकली आणि स्वतःवरच खूश झालो.

बर्फ पडू लागला तसं सासऱ्यांनी दोन्हीकडचं पाणी वाढवायला, पुरुषांचं त्रेचाळीस अंशांवर न्यायला सांगितलं. मी नेलं, पण एकाच फाइलमध्ये. पुरुष गाणी म्हणत डुंबत होते आणि भिंतीपलीकडे आमच्या रोजच्या गिऱ्हाईक तोकिएआजी कोमट पाण्यात कुडकुडत होत्या. सासरे त्यांच्यापुढे किती वेळा वाकले ते मी दाराआडून पाहिलं. पुढे यायचं धैर्य झालं नाही.

मग मी शहाणा झालो. नकला पुसल्या, दोन्ही फोल्डरांच्या वर एकच फाइल ठेवली आणि दोघांनाही तिचा पत्ता दिला. काम चोख झालं. इतकं चोख, की पुरुषांचं त्रेचाळीस बायकांनाही लागू झालं. बायकांना एकेचाळीसच्या वर सोसत नाही, हे मला सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. आजी उकडलेल्या खेकड्यासारख्या लाल होऊन बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "परवा गारठवलंत, आज उकडलंत. उद्या तळणार असाल तर आधी कळवा, मी पीठ लावून येते."

 सासऱ्यांनी कॉम्प्युटरची वायर उपसली आणि हाताने नळ फिरवला. मी सध्या टॉवेल वाळवतो.

तुझा, अजून तरी या घरचा जावई असलेला भाऊ,
शिन्गो

ता. क. आता त्याच एका फाइलमध्ये दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे लिहिले आहेत. फक्त करून पाहायला बंब मोकळा हवा. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यांना आठवडाभर तुमच्याकडे बोलावशील का?

ता. ता. क. पत्र चिहारूने वाचलं. बायको म्हणून ती एवढंच म्हणाली, की बाबांना नको, यालाच बोलवा. तिकीट तिने काढलंसुद्धा. फक्त जायचं, परतीचं नाही.